मंजुळेची भोळी जमीन

ऐकताय ना? मग सरका जवळ. एक होती मंजुळा. नवरा तापानं गेलेला, पदरात एक लेक, शेवंता. तिचा थोरला दीर म्हाळू म्हणजे नुसता कसाई. वाटणीत विहिरीखालची सगळी रानं त्यानं ठेवून घेतली आणि मंजुळेला दिला अंगणाएवढा खडकाळ तुकडा. वर म्हणाला, "वर्षभर यावर पोट भरून दाखव. नाही जमलं तर तुकडा माझा, आणि शेवंता जन्मभर माझ्या गोठ्यात शेण काढेल."

मग मंजुळेनं नाचणी पेरली, ती मुंग्यांनी नेली. घेवडा लावला, तो करपला. मिरची लावली, ती उगवलीच नाही. घरातली पेज पातळ होत होत नुसतं पाणी राहिलं.

मग तिनं काय केलं, घरात उरलेला एकुलता एक नारळ घेतला, रानातल्या दगडावर आपटला आणि हात जोडले. "आई, नारळ वाढवला गं तुला." आपण नाही का, फुटलं, विझलं असलं अभद्र बोलत नाही, वाढलं म्हणतो. पण ती जमीन होती भोळी, बरं का. तिला माणसांची ही तऱ्हा काय ठाऊक! तिनं ऐकलं ते एवढंच, की वाढवायचा. मंजुळा वळते तोच पायाशी कोंब, कोंबाचा माड, आणि माडाला नारळांचे घोस. मंजुळा रडलीच. मग नारळ बाजारात गेले, झावळ्यांच्या हिरांचे खराटे गेले, घरात भात शिजला.

पुढं एकदा काय झालं, शेवंता माडाखाली पडली आणि हातातली काचेची बांगडी फुटली. मंजुळा म्हणाली, "असू दे गं, बांगडी वाढली." झालं! तिथंच झुडूप आलं, फांदीफांदीला हिरव्या बांगड्या. आता मात्र मंजुळेला उमगलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. तिनं लेकीला बजावलं, "या रानात तोंड सांभाळून बोलायचं."

मग मायलेकी टोपल्या भरभरून बांगड्या विकू लागल्या. म्हाळूच्या कानावर गेलंच. वर्ष भरलं त्या दिवशी तो काठी घेऊन आला.

"भाऊजी, पोट भरून दाखवलं की मी," मंजुळा म्हणाली.

"जमिनीनं दाखवलं. तू काय केलंस? तुकडा माझा. उजाडलं की पोरीला घेऊन जाणार." आणि राखणीला तिथंच खोप घालून, दिवा लावून बसला मेला.

झुंजूमुंजू झालं तशी मंजुळा कुंपणापाशी आली. दिराच्या पाया पडून, पोरीला नेऊ नका म्हणून विनवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. खोपीत म्हाळू उठला, डोळे चोळत पुटपुटला, "उजाडलं की. आता दिवा..." आणि त्याला आली जांभई. एवढी लांब, की तेवढ्यात दहा हाका मारून झाल्या असत्या. त्याला थांबवायला मंजुळेनं तोंड उघडलं. मग तिच्या डोळ्यांपुढं शेवंताचे कोवळे हात आले, कोपरापर्यंत शेणात बुडालेले. तिनं तोंड मिटलं.

"...वाढवावा," म्हाळू म्हणाला, आणि त्यानं फुंकर मारली.

जमिनीनं ऐकलं. दिवा वाढला. खोप गेली, माड गेला, बांगड्यांच्या काचेचं पाणी झालं. म्हाळूही गेला. एकदाच ओरडला, मंजुळेला हाक मारून.

मग त्या राखेत तिनं वांगी लावली. अशी आली, अशी आली, की सात गावांच्या बायका घ्यायला यायच्या. जमीन त्यानंतर कुणाचं बोलणं ऐकेना, नुसती पिकायची. शेवंता मोठी झाली, चांगल्या घरी पडली, तिला लेकरं झाली. मंजुळा म्हातारी झाली. ताट भरलेलं असायचं, पण पहिला घास उचलला की रोज थांबायची.

"कुणी हाक मारली का गं मला?"

"नाही गं आई," घरी आलेली शेवंता म्हणायची. शेवंता नसली की मंजुळा स्वतःलाच सांगायची, कुणी नाही. मग जेवायची.

तर अशी ती सुखानं राहिली. सुखानंच म्हणायचं, नाही तर काय! चला, पांघरुणं ओढा आणि मिटा डोळे.