सूर्यकांतची बायको

"मग मी स्वतःला म्हणवून तरी काय घेऊ, आक्का?"

हे विचारताना वृषालीनं डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. स्कूटर टेकडीखाली लावून ती तशीच मठाच्या पायऱ्या चढून आली होती.

आक्का पावटे सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात. मठाची झाडलोट त्यांची आणि गावातल्या बायापोरींना वाचायला शिकवणं हेही त्यांचंच. वृषालीनं बाराखडी इथंच गिरवली होती.

"आधी ते डोक्यावरचं उतरव. मग सांग."

वृषाली तालुक्याच्या शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. कॉलेजात होती तेव्हा ती दर वाक्याला 'मी स्त्रीवादी' म्हणायची. हॉस्टेलच्या दारावर तशी पाटीच लावली होती. मेसमध्ये मुलांना एक पोळी जास्त वाढली म्हणून आचाऱ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. पुढं नोकरी लागली. शिक्षकांच्या खोलीत ती शिरली की कुणीतरी म्हणायचं, "मॅडमना खुर्ची देऊ नका रे, अपमान होईल त्यांचा!" सगळे खो खो हसायचे. एकटीनं किती दिवस तोंड द्यायचं? मग तीही हसायला लागली. आणि एक दिवस म्हणायलाही लागली, "मी काही तसली नाही हं."

गेल्या आठवड्यात हेच वाक्य ती एका वार्ताहराशी बोलली आणि ते फोटोसकट छापून आलं.

"फोटो छान आलाय," आक्का म्हणाल्या.

"आक्का, चैत्रालीच्या वडिलांनी ते कात्रण तिच्यापुढं धरलं. म्हणाले, तुझ्या मॅडमच म्हणतात, मी तसली नाही. मग तू कशाला चड्डी घालून मैदानात उड्या मारतेस? ... चार दिवस झाले, पोरगी आली नाही. तिच्यासारखी चढाई तालुक्यात कुणी करत नाही. आणि सामने आठ दिवसांवर आलेत."

वृषालीचे डोळे भरून आले. तिला स्वतःचाच राग आला होता.

आक्का उठून आत गेल्या. येताना त्यांच्या हातात एक जुनं, कडा कुरतडलेलं रेशनकार्ड होतं.

"वाच."

"पतीचं नाव... सूर्यकांत. तुमच्या यजमानांचं नाव सूर्यकांत होतं?"

"छे गं!"

"मग?"

ऐंशी वर्षांच्या आक्का चक्क लाजल्या.

"आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. कारकून विचारतोय आणि मी गप्प. मागं ही भली मोठी रांग. शेवटी पदर तोंडाला लावला आणि आभाळाकडं बोट केलं. भर दुपारची वेळ... त्यानं वर बघितलं आणि आपल्या मनानं लिहून टाकलं."

वृषालीला हसू फुटलं.

"हसतेस काय! नऊ वर्षं मी सूर्यकांतची बायको म्हणून रॉकेल आणलं. आमचे हे जेवायला बसले की विचारायचे, आज सूर्यकांतरावांकडं कसली भाजी?"

दोघी इतक्या हसल्या की ताटातले पावटे सांडले.

"मग दुरुस्त कधी केलं?"

"ते गेले तेव्हा. मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा कारकून तेच नाव घालायला निघाले होते. तेव्हा मी भर कचेरीत ओरडले, दिवाकर! माझ्या माणसाचं नाव दिवाकर!"

"म्हणजे नाव घेतलंत ते पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच... त्यांना ऐकायला आवडलं असतं गं. फार आवडलं असतं."

वृषाली सांडलेले पावटे वेचत राहिली.

थोड्या वेळानं आक्कांनी विचारलं, "खाली लावलीस ती स्कूटर कुणाची?"

"माझी."

"लग्न कधी करायचं, कुणाशी करायचं, हे कोण ठरवतं?"

"मीच."

"आणि बारा पोरींना मैदानात कुणी उतरवलं?"

"मी."

"म्हणजे नांदतेस की सुखानं! नाव तेवढं घेत नाहीस."

वृषाली ताडकन उठली. हेल्मेट उचललं.

"निघते मी. चैत्रालीचे वडील आत्ता घरीच असतील. त्यांना सांगते, ते पेपरातलं मी लोकांच्या हसण्याला भिऊन बोलले होते. मी आहे तसली."

"तसली म्हणजे कसली?"

"... स्त्रीवादी."

"मला म्हातारीला कमी ऐकू येतं."

"स्त्रीवादी!"

मठाच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली. आक्का टाळी देऊन हसल्या.

वृषाली पायऱ्या उतरायला लागली. चार पायऱ्या उतरली आणि थांबली. मागं वळून जरा चाचरतच म्हणाली, "पण आक्का, खरं सांगू? त्या नावाखाली जे जे बोललं जातं, ते सगळंच काही मला पटत नाही."

आक्कांनी पावट्याची एक शेंग मोडली.

"आमचे हे तरी मला सगळेच्या सगळे कुठं पटले होते?"