काळजिभ्या मांत्रिक आणि हरणारं नगर

एका राज्यात एक नगर होतं. नगराला वेशी सात, विहिरी सत्तर, आणि जिंकल्याची आठवण फक्त म्हाताऱ्यांना. तिथले मल्ल कुस्तीत हरत, सारथी रथांच्या शर्यतीत हरत, नावाडी नावांच्या शर्यतीत हरत. आणि राजानं पदरी ठेवून दूधतुपावर पोसलेले हुतूतूचे सात गडी दरसाल चैत्री पुनवेला हरत. वाईट हरत नसत, हेच तर दुःख होतं. वाईट हरणाऱ्याचा नाद सुटतो तरी. हे एका गुणानं हरत, एका श्वासानं हरत, आणि लोक म्हणत, "पुढच्या साली बघा!" राजाचं नाव होतं विजयसेन. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

सामना संपण्याआधीच लोक उठत. "चला, भाकरी निवतेय," म्हणत सतरंज्या झटकत, वेशीकडे चालू लागत, आणि वेशीपाशी एकदा तरी मान वळवून मागे बघत. न बघता राहवतं थोडंच! वेशीवरचा नगारा चोवीस वर्षांत वाजला नव्हता. त्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं.

सात गड्यांचा नायक सुभानजी. सतराव्या वर्षी पहिला सामना हरला, तो आजतागायत हरतच होता. यंदाही हरून आल्यावर लेक सगुणा त्याच्या गुडघ्यांना तेल चोळत बसली, तेव्हा तो म्हणाला, "पोरी, पुढची पुनव शेवटची. गुडघे आता ऐकत नाहीत."

"आणि तेव्हाही हरलात तर?"

"तर हरून घरी येईन. वाट पाठ आहे."

तो हसला. सगुणेला हसू आलं नाही. आपला बाप एकदा, एकदाच, जिंकून दारात उभा राहावा, एवढंच तिला हवं होतं.

आता मैदानाच्या कडुनिंबावर एक साळुंकी बसत असे. सामना संपला की ती मोठा सुस्कारा टाकून "हरलो!" म्हणे आणि उत्तरेच्या डोंगराकडे उडून जाई. लोकांना वाटे, चिडवते मेली. सगुणेनं मात्र तो सुस्कारा ओळखला. तसा सुस्कारा फक्त त्यांच्याच नगरात टाकत. ही साळुंकी कुणाला निरोप नेते, ते बघायला ती तिच्या मागे निघाली.

तीन दिवस चालल्यावर एक गुहा लागली. आत गुडघ्यापर्यंत दाढीचा एक म्हातारा येरझारा घालत होता.

"कितीनं?" त्यानं साळुंकीला विचारलं.

"एका गुणानं."

"डावीकडून चढाई केली असणार! अरे, उजवीकडून जा, उजवीकडून! पण ऐकतो कोण?" एवढं बोलून त्यानं सगुणेला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पण तिनं बघितलंच. त्याची जीभ कोळशासारखी काळी होती.

"आजोबा, आपण कोण?"

"मी धुंडिनाथ मांत्रिक. पहिल्या रांगेत बसत असे. चोवीस वर्षांमागं एक गुण हवा होता. एक कोवळा गडी पकडीत सापडला, त्याचा हात मधल्या रेघेपासून वीतभर राहिला, आणि दम तुटला. मी रागानं ओरडलो, 'या नगराला पुन्हा यश न मिळो!' असं तर घरोघरी बोलतात आणि जेवताना विसरतात. पण माझी जीभ मांत्रिकाची. बोललो तशी काळी पडली. तेव्हापासून तोंड लपवून इथं राहतो."

"शाप मागे घ्या."

"त्याला तीन कामं आहेत. काचेच्या डोंगरावरचा मध आण आणि पाताळविहिरीचं पाणी आण. जीभ गोड होईल, जीभ धुतली जाईल."

"आणि तिसरं?"

"आधी दोन कर," म्हातारा म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

सगुणा काचेच्या डोंगरावर चढली. तिथल्या मधमाश्या माणसासारख्या बोलत. त्यांनी मधाच्या मोबदल्यात एक खरी गोष्ट मागितली. तिनं बापाच्या गुडघ्यांची गोष्ट सांगितली. माश्या रडल्या आणि पोळं देऊन मोकळ्या झाल्या. मग ती पाताळविहिरीत उतरली. तिथं सात फण्यांचा नाग होता. "कोणत्या नगराची?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. सातही फणे खाली झाले. "अरेरे, बिचारी!" म्हणत नाग बाजूला सरला. त्या कीवेचा सगुणेला असा राग आला की घागर तिथंच आपटावी. पण तिनं ती भरून घेतली.

यात वर्ष सरत आलं. धुंडिनाथानं मध चाटला, पाण्यानं चूळ भरली आणि म्हणाला, "जिंका!" पण तोंडातून बाहेर पडलं, "हरा!"

"तिसरं काम सांगा आता," साळुंकी म्हणाली. "नाहीतर मी सांगते. ज्याच्यामुळे बोललात, त्याच्यापुढे उभे राहा."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. त्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मंत्रानं डोंगर हलवणारा माणूस, पण 'चुकलो' म्हणायला पंचवीस वर्षं लागली! अखेर त्यानं घोंगडी पांघरली आणि पुनवेच्या दुपारी सगुणेच्या मागोमाग मैदानात आला.

सुभानजी गुडघ्यांना पट्ट्या बांधत होता. सगुणा म्हणाली, "बाबा, हे बघा कोण आलंय." धुंडिनाथानं घोंगडी काढली.

"मला ओळखलंस?"

"ओळखलं. पहिली रांग, डावीकडून तिसरी जागा. सामन्याआधी आम्हाला गूळ द्यायचात."

"या नगराला शाप मी दिला. तुझ्या तुटल्या दमावर रागावून."

"ठाऊक आहे. मी रेघेजवळ पडलो होतो. मला ऐकू आला."

"बाबा! मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर लोकांनी यांचं घर जाळलं असतं. आणि हे रागावले ते का? जीव होता म्हणून. परका कशाला रागावतो?" मग तो म्हाताऱ्याला म्हणाला, "मी त्याच दिवशी विसरलो. तुम्ही यायचे थांबलात, ते मात्र विसरलो नाही. त्या जागेवर मी कुणाला बसू दिलं नाही."

"चुकलो रे, लेका," धुंडिनाथ म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडला. त्याची जीभ तान्ह्या पोराच्या जिभेसारखी गुलाबी झाली. मग तो पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या जागेवर जाऊन बसला.

शाप सुटला म्हणजे सामना जिंकला असं नव्हे. तसं असतं तर खेळायचं कशाला? गुण बरोबरीत आले, शेवटची चढाई उरली, आणि सवयीप्रमाणे लोक सतरंज्या झटकू लागले.

"बसा!" कडुनिंबावरून साळुंकी किंचाळली. लोक धपकन बसले.

सुभानजी हुतूतूतू करत निघाला, उजवीकडून. एकाला शिवला आणि वळला, तोच चौघांनी त्याला धरलं. तो पडला. हात रेघेपासून वीतभर राहिला. राजानं डोळे मिटले. धुंडिनाथानं कुठलाही मंत्र म्हटला नाही, फक्त आपला श्वास रोखला. मग सगुणेनं रोखला, मग साऱ्या मैदानानं. तेवढ्या शांततेत तो बारीक झालेला हुतूतूतू शेवटच्या माणसापर्यंत ऐकू येत होता. चौघांना ओढत सुभानजी सरकला, आणि त्याचं बोट रेघेला लागलं.

कुणी ओरडलं नाही. जिंकल्यावर काय करतात, हे कुणाला ठाऊकच नव्हतं! एक म्हातारी रडू लागली. नगारची धावला, पण नगाऱ्यात पिल्लं होती. त्यानं टिपरी खाली ठेवली. मग राजानंच आपली ढाल काढून तिच्यावर मूठ हाणली, आणि लोकांनी तांब्या, ताटं, जे हाती लागेल ते बडवलं.

"तरी दोन पकडी सुटल्याच," धुंडिनाथ डोळे पुसत पुटपुटला. "पुढच्या साली असं खेळले तर—"

साळुंकीनं त्याच्या तोंडावर पंख ठेवला. "गिळा तो शब्द."

सगुणा पुढे जाऊन दारात दिवा लावून उभी राहिली. बाप येईना. बऱ्याच वेळानं भलत्याच गल्लीतून तो धापा टाकत आला.

"कुठं होता, बाबा?"

"वाट चुकलो गं," सुभानजी म्हणाला. "हरून यायची तेवढी पाठ होती."

सुभानजी घरी आला, चिमण्यांची पिल्लं उडाली, नगारा मोकळा झाला. त्यांचा दम टिकला, तसा ऐकणाऱ्यांचा आणि सांगणाऱ्याचा टिको.