वाऱ्याच्या खिंडीतलं दांडगं यंत्र

हिमालयातल्या खेड्यांत पहिली यंत्रं पोहोचली, तेव्हाची गोष्ट. एका खिंडीत छेरिंग नावाची बाई एकटी राहायची. बर्फ उडवणारं यंत्र घ्यायला ती दुकानात गेली आणि तिने सगळ्यांत दांडगं निवडलं.

"आमच्याकडे वारा फार आहे बाबा," ती यंत्राला म्हणाली.

"वारा माझ्यापुढे काय टिकणार!" यंत्र म्हणालं.

पहिल्याच वादळात गोठ्याचं दार बर्फाने बुजलं. आत नुकतीच व्यालेली गाय तहानेने हंबरत होती. यंत्राने वाऱ्याकडे तोंड करून बर्फ उंच उडवला. वाऱ्याने तो परत दारावर आणून टाकला. यंत्राने आणखी जोर लावला, तशी दाराची चौकटही दिसेनाशी झाली. गाईचा आवाज बसत चालला.

यंत्र घाबरून थांबलं. गोठ्याजवळ वाळुंजाचं एक जुनं झाड वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने पूर्वेकडे पार वाकलेलं होतं.

"आजोबा," यंत्राने विचारलं, "तोंड कुठे फिरवू?"

"मी जन्मभर जिकडे झुकलोय, तिकडे."

यंत्र पूर्वेला वळलं. दुपारी दार मोकळं झालं. छेरिंगने गाईपुढे बादली ठेवली. यंत्र बाहेर उभं राहून गाईचं पाणी पिणं ऐकत राहिलं.