टोमॅटोसाठी दोरा

झाडं, पाखरं आणि काठ्या एकच भाषा बोलत, तेव्हाची ही गोष्ट. पानं शिवून घरटं करणारी शिंपीण दूरच्या रानात शिकून आली होती. मागच्या खेपेला तिने परसातल्या टोमॅटोला बजावलं होतं, “रानात कुणी बांधून घेत नाही. तूही घेऊ नकोस.” या खेपेला परतल्यावर तिने लिंबावर घरटं शिवलं आणि त्याला भेटायला गेली. तो डौलात उभा असेल असं तिला वाटलं होतं. पाहते तर तो चिखलात लोळत होता, फळांना गोगलगायी लागल्या होत्या.

“तुझं ऐकून मी आधाराच्या काठीला हाकललं,” टोमॅटो म्हणाला.

“या, पंडितीणबाई,” कुंपणाला टेकलेली काठी म्हणाली. “उद्या मालकीण याला उपटणार आहे.”

शिंपिणीला कुठेच बसवेना. “आता काय करू?”

“याच्या पानांच्या बगलेतले फाजील कोंब खुड आणि याला माझ्याशी सैल बांध. पण दोरा लागेल.”

परसात दोरा फक्त तिच्या घरट्यात होता, आणि अंडी घालायचे दिवस आले होते.

“राहू दे,” टोमॅटो पुटपुटला.

अंधार पडेपर्यंत ती या फांदीवरून त्या फांदीवर उडत राहिली. सकाळी, मालकीण उठायच्या आत, तिने कोंब खुडले. मग लिंबावर जाऊन घरट्याचा पहिला टाका उसवला.