काठावरची नाव

पूर्वी गंगेकाठच्या चंपा नगरीत राजा सुरुचि राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला होता. मोठेपणी त्याचे नाव झाले, पण औषधांपेक्षा रोग्याजवळ निवांत बसून राहण्यामुळे अधिक.

त्याच नगरीत नंदिय नावाचा नावा बांधणारा सुतार राहत असे. हात असा की दोन फळ्यांमधून केस जाणार नाही. पण त्याने बांधलेल्या एका नावेतून त्याचा थोरला भाऊ गेला आणि बुडाला. तेव्हापासून नऊ वर्षे नंदिय एकच नाव बांधत बसला होता. ती पुरी झालेली साऱ्या गावाला दिसत होती, त्याला तेवढी दिसत नव्हती. दर उन्हाळ्यात तिला फटी पडत, तो ताग आणि राळ भरी आणि "पुढल्या वर्षी बघू" म्हणे. त्याची बायको केसिनी कपाळाला हात लावी.

आता मात्र प्रश्न लेकीचा होता. उत्पलाचे सासर पलीकडच्या तीरावर, आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणाला लेकीने बापाच्या हातच्या नावेतून माहेरी यायचे, अशी त्या सुतारांची रीत. पण मुहूर्त ठरला की नंदियच्या छातीत धडधड सुरू होई आणि हातपाय गार पडत. तीन मुहूर्त असे हुकले. शेवटी केसिनीने वैद्याला बोलावले.

बोधिसत्त्वाने नाडी पाहिली. नाडीत रोग नव्हता.

"वैद्यराज, ही नाव बुडणार नाही असं शपथेवर सांगा," नंदिय म्हणाला, "आत्ता पाण्यात ढकलतो."

"ते मला सांगता येणार नाही."

"मग सोडू नकोस म्हणा. तेवढ्यानं सुटलो मी."

"तेही म्हणणार नाही. नाव तुझी, लेक तुझी. ठरवायचं तूच."

असला कसला वैद्य आणलास, अशा नजरेने नंदियने बायकोकडे पाहिले. बोधिसत्त्व मात्र उठून गेला नाही. तो नावेच्या सावलीत मांडी घालून बसला आणि तळाच्या फटींवरून बोट फिरवू लागला.

"या कशानं पडतात रे?"

"लाकूड सुकतं म्हणून. नाव काठावर राहिली की फळ्या आकसतातच."

"आणि मिटतात कशानं?"

उत्तर त्याला बापाने शिकवले होते. नवी नाव पाण्यात आधी पाझरते, मग लाकूड फुगते आणि फटी मिटतात.

"पाण्यानं," तो म्हणाला आणि त्याला रडू कोसळले. "पण दादा गेला हो! माझ्या हातच्या नावेतून गेला."

"गेला खरा. आपणही जाणार आहोत. उत्पला मात्र आज वाट बघते आहे."

मग नंदिय उठला आणि त्याने नावेला खांदा लावला.

नाव पाण्यात गेली आणि चांगलीच पाझरू लागली. बोधिसत्त्व आत बसून एका हाताने पाणी उपसत होता, पण दुसऱ्या हाताने त्याने नावेची कड इतकी घट्ट धरली होती की नंदियला शंका आली.

"वैद्यराज, पोहता येतं ना?"

"नाही."

"मग बसलात कशाला?"

"ती बुडणार नाही अशी खात्री माझ्याजवळ नव्हती. सोबत होती, ती आणली."

नंदियची भीती गेली नव्हती. भीत भीतच त्याने वल्हे मारले. पलीकडे उत्पला कमरेवर हात ठेवून उभी होती. "किती वाट बघायला लावलीत, बाबा!" असे रागावून ती त्याच्या गळ्यात पडली. त्या रागावण्याचे नंदियला फार सुख झाले.

ती नाव बारा वर्षे चालली. तेराव्या वर्षी पुरात फुटून वाहून गेली. त्या दिवशी नंदिय थोडा वेळ काठावर बसला आणि मग दुसऱ्या नावेसाठी लाकूड निवडायला गेला.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, मागे बसलेल्या भिक्खू सोणकाकडे पाहून मायेने हसले. "ध्यान साधेल का ते आधी सांगा, मगच बसतो" असे म्हणणारा हा सोणक, तोच त्या जन्मीचा नंदिय. दाराशी बसून ऐकणाऱ्या दोघी मायलेकी तेव्हा केसिनी आणि उत्पला होत्या. "आणि पोहता न येणारा तो वैद्य मीच होतो," शास्ते म्हणाले. दुसऱ्याची निवड त्याच्याकडून काढून न घेता त्याच्या भयात त्याच्याशेजारी बसणे, याला मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला गेलेली मैत्री, म्हणतात.