वस्तीची परवानगी

“सगळ्यांची परवानगी घेतलीस म्हणतोस. सगळे म्हणजे कोण कोण?” टेकडीवर राहणाऱ्या फकिराने, लतीफबाबांनी विचारलं.

अभिराम टेकाळेला हाच प्रश्न हवा होता. लोकांना ड्रोनने चित्रण करून देणं हा त्याचा धंदा, आणि कागदपत्रांत त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्याने फाईल उघडली.

“हे माझं पायलटचं सर्टिफिकेट. ही ड्रोनची नोंदणी. हा विमा. हे पोलीस ठाण्याचं पत्र. आणि हा नकाशा. आपली टेकडी हिरव्या पट्ट्यात येते, चारशे फुटांपर्यंत मोकळीक. आता फक्त तुमची सही हवी. ड्रोन तुमच्या अंगणातून उडवायचाय.”

खाली तळ्याकाठी नवं हॉटेल निघणार होतं. मालकाला जाहिरातीसाठी तळं हवं होतं, आणि काठावरची भोईवस्तीही.

फकिराने एकेक कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“वस्तीचा कागद कुठाय?”

“तो लागत नाही, बाबा. मी काय त्यांच्या घरात शिरतोय? मी आपला वर, आकाशात.”

“बरं…”

बाबांनी त्याच्यापुढे भाकरी आणि वांग्याचं भरीत ठेवलं. मग भिंतीला शिडी लावली आणि पंचाहत्तरीचा तो म्हातारा कण्हत कण्हत आपल्या खोलीच्या धाब्यावर चढला. कडेला पाय सोडून बसला आणि खाली, अभिरामच्या ताटाकडे बघू लागला.

अभिरामने एक घास घेतला. वर पाहिलं. बाबा बघतच होते.

त्याने पाठ फिरवली. बाबा बसल्याबसल्या सरकत दुसऱ्या कडेला आले.

“बाबा, खाली या ना. घास उतरत नाही.”

“तुझ्या ताटाला हात लावला का मी?”

“नाही…”

“मग? मी आपला वर आहे. तू जेव.”

अभिरामला हसू फुटलं. हसता हसता त्याने खाली वस्तीकडे पाहिलं. ताट विसळून ठेवलं आणि फाईल तिथेच सोडून टेकडी उतरला.

वस्तीत तो दारोदार फिरला. वरून चित्रण करायचंय, चालेल का, एवढंच विचारायचं होतं; पण प्रत्येक दारात बसावं लागलं. एकीने धुणं वाळेपर्यंत थांबायला सांगितलं. एकाला आधी नावेला रंग द्यायचा होता. कौतिकआजी मात्र स्पष्ट म्हणाली, “माझी न्हाणी उघडी आहे. माझं घर नको.” अभिरामने तिच्यासमोरच नकाशावर ड्रोनची वाट वळवली.

यात तीन दिवस गेले. हॉटेलमालकाचे फोनवर फोन आले. चौथ्या सकाळी बाबांनी काही न विचारता सही केली आणि ड्रोन उडाला.

अर्ध्या तासाने अभिराम रिमोटच्या पडद्याकडे बघत डोकं खाजवत बसला होता.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“मालकाला वस्ती नेहमीसारखी हवी होती, बाबा. कोणी जाळं विणतंय, कोणी पाणी भरतंय, आपल्याच नादात. ही बघा काय करून बसलीत.”

पडद्यावर अख्खी वस्ती अंगणात उतरली होती. इस्त्रीचे कपडे, केसांत अबोली. नाव लालभडक, आणि तिच्यात नवरा-बायको फोटोला बसावं तसे ताठ. कौतिकआजीचं घर तेवढं कुठेच नव्हतं. सगळे मान वर करून हात हलवत होते.

“एकही जण काम करत नाहीये. सगळे माझ्याकडेच बघतायत. हे मी मालकाला कसं दाखवू?”

त्याने तक्रार केली खरी, पण ड्रोन वस्तीवरून जाताना नकळत त्यानेही टेकडीवरून हात हलवला होता. बाबांनी ते पाहिलं होतं.

म्हाताऱ्याने पडदा हातात घेतला. बराच वेळ बघत, हसत राहिला…

“इतकी वर्षं उडतोयस, बेटा. आज पहिल्यांदा तू दिसलास.”