टिटवीची जड वेबसाइट

बालमित्रांनो, एका जंगलातून नदी वाहत होती आणि तिच्या काठच्या वाळूत एक टिटवी राहत असे. नदीला पाणी किती आहे, पलीकडे जाता येईल की नाही, हे ती रोज आपल्या वेबसाइटवर लिहीत असे. वेबसाइट अगदी साधी होती. पान उघडताच मजकूर दिसे आणि तो वाचूनच प्राणी पाण्यात पाय घालत.

एकदा एक माकड आले. "टिटवीताई, किती रुक्ष गं तुझी वेबसाइट! दोन-चार प्लगइन जोड की." वेबसाइटला वरून जोडायच्या तयार भागांना प्लगइन म्हणतात, हे टिटवीला ठाऊक होते. "त्याने पान उघडायला उशीर नाही ना होणार?" तिने विचारले. "छे! एवढ्याशाने काय होतंय? शिवाय फुकट आहे सगळं," माकड म्हणाले. टिटवीने पडद्यावर फुले उधळणारे प्लगइन जोडले. मोराने कौतुक केले आणि ती हरखून गेली. मग संगीत आले, हलती चित्रे आली, येणाऱ्याशी गप्पा मारणारा पोपट आला. "हल्ली पान उघडायला फार वेळ लागतो," अशी कासवाने तक्रार केली, तेव्हा "उशिराबद्दल तू बोलतोस?" म्हणून ती खो खो हसली.

एके दुपारी वर डोंगरात ढगफुटी झाली. टिटवीने लगोलग लिहिले, "पाण्यात उतरू नका, लोंढा येतोय." पलीकडच्या काठावर एक हरिणी पाडसाला घेऊन उभी होती. तिने वेबसाइट उघडली. फुले पडू लागली, संगीत वाजले, पोपट "नमस्कार, काय मदत करू?" म्हणाला, मजकूर मात्र येईना. "धोका असता तर टिटवीने कळवलं असतं," असे म्हणून हरिणी पाण्यात उतरली. मध्यावर लोंढ्याने पाडसाला ओढून नेले. नशिबाने ते करंजाच्या मुळांत अडकले. आईने त्याला कसेबसे बाहेर काढले, पण त्याचा पाय मोडला होता.

"अगं, मी लिहिलं होतं गं!" टिटवी रडवेली होऊन म्हणाली.

"लिहिलं असशील बाई," हरिणी म्हणाली, "पण माझ्यापर्यंत पोहोचलं नाही."

 टिटवी कासवाचा जुना मोबाइल घेऊन बसली. एकेक प्लगइन बंद करायचे आणि पान उघडून पाहायचे, असे तिने चालवले. फुले गेली, थोडा फरक पडला. पोपट काढला, तसे पान झटकन उघडले. कोल्ह्याने घुसून खोटा मजकूर लिहू नये म्हणून जोडलेले एक प्लगइन तिने राहू दिले. बाकीची सगळी काढून टाकली. वेबसाइट पुन्हा पूर्वीसारखी साधी दिसू लागली. पाडसाचा पाय मात्र कायमचा अधू राहिला.

तात्पर्य : वेबसाइटला प्लगइन जोडताना ते किती छान दिसते एवढेच पाहू नये, ते येणाऱ्याच्या कामाचे आहे का आणि त्याच्यापायी त्याला ताटकळावे तर लागत नाही ना, हे आधी तपासावे.